क्रिलच्या थव्याला मुकादम नसतो

मिरजेहून एका मुलीनं विचारलंय, एम.एस्सी. झूलॉजीला आहे ती. प्रश्न असा की सर, पुस्तकात एका ओळीत उरकलंय, क्रिल (अंटार्क्टिकाच्या समुद्रातले कोळंबीसारखे बारके जीव) दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात. पण ग्रॅम-दीड ग्रॅमचा जीव रोज शेदोनशे मीटर उतरायची आणि चढायची हमाली करतो कशाला, आणि एवढे लाखो क्रिल एकदम निघतात तर त्यांना चला म्हणून सांगतं कोण?

तू माझ्या पुतणीच्या वयाची असशील म्हणून सरळ तू म्हणतो, आणि मला सर नको, काका चालेल. प्रश्न दोन विचारलेस पण माझ्या मते तो एकच आहे. पोट आणि भीती, या दोन गोष्टी प्रत्येक क्रिल आपल्यापुरत्या तोलत असतो, आणि ते सगळं तोलणं एकत्र केलं की आपल्याला लांबून थवाही दिसतो आणि रोजची खालीवर फेरीही दिसते. हुकूम देणारा कोणी नाही. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो, क्रिलच्या थव्याला नसतो. आता हे नीट सांगायला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या अंगानं बोलतोय ते कळेल. मी मूळचा साताऱ्याचा, रिटायर होऊन परत इथंच आलोय, नोकरीतली बरीच वर्षं जहाजावर एकोसाउंडरच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत आलेला प्रतिध्वनी दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनपुढं गेली, चार वेळा दक्षिण महासागरात जाऊन आलो. म्हणजे मी क्रिल हातात धरून जेवढा बघितला त्याच्या शंभरपट स्क्रीनवरच्या रंगीत ठिपक्यांत बघितलाय. त्यामुळं माझं उत्तर थोडं आवाजाच्या बाजूनं असेल, टॅक्सॉनॉमीवाल्यांनी, म्हणजे वर्गीकरणवाल्यांनी, सांभाळून घ्यावं.

क्रिल म्हणजे जवळाच ना असं आमच्या गल्लीत सगळे विचारतात. शनिवार पेठेत नाहीतर तुमच्याकडं बाजारात जो सुका जवळा मिळतो, चटणीचा, तसाच दिसतो हे खरं, पण नातं तसं लांबचं आहे. जवळ्याचे कल्ले पाठीवरच्या कवचाखाली झाकलेले असतात, क्रिलचे उघडे, पायांच्या मुळाशी झुपक्यासारखे लोंबत असतात, ओळखायची सोपी खूण तीच. आणि आकार. आपण ज्याबद्दल बोलतोय तो अंटार्क्टिक क्रिल, यूफॉझिया सुपर्बा, ६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, वजन फार तर २ ग्रॅम, आणि जगतो मात्र पाच-सहा वर्षं. एवढ्याशा जिवाला पाच-सहा वर्षं म्हणजे लई झालं. जिवंत असताना जवळजवळ पारदर्शक, अंगावर लालसर ठिपके, डोळे काळेभोर टपोरे, आणि पोट भरलेलं असेल तर आत हिरवं दिसतं, खाल्लेलं शेवाळ बाहेरून कळतं. हे हिरवं पोट लक्षात ठेव, पुढं कामाचं आहे.

सगळ्या अंटार्क्टिक क्रिलचं मिळून वजन साधारण ३८ कोटी टन असावं असा एक अंदाज आहे. पण हे वजन समुद्रात सगळीकडं सारखं पसरलेलं नाही, तिथंच तर सगळी गंमत आहे. जहाज तासन्‌तास चालतं आणि स्क्रीन निळी कोरी, आणि मग एकदम लाल डाग, कधी पन्नास मीटर लांबीचा, कधी काही किलोमीटर. दाट थव्यात एका घनमीटरमधे १० हजारांच्या वर क्रिल असतात. घनमीटर म्हणजे किती, तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी. त्या एका टाकीत दहा हजार, म्हणजे लिटरला दहा, आणि सगळे एका दिशेला तोंड करून पोहतायत, कोणी कोणाला धडकत नाही. १९८१ साली एलिफंट बेटाजवळ सापडलेला एक महाथवा तर अंदाजे २० लाख टनांचा होता. एक थवा! मी एवढं मोठं काही बघितलेलं नाही, माझ्या नशिबी सगळ्यात मोठा आला तो स्क्रीनवरून जायला पाऊण तास लागलेला, तेव्हा आमचा स्वयंपाकीसुद्धा हात पुसत बघायला आला होता.

आता हे एका दिशेला तोंड कसं करतात. तू कधी माउलींच्या पालखीत लोणंद ते तरडगाव चाललीयस का? मी चाललोय. दिंडीला चोपदार असतो, वीणेकरी असतो, सगळं असतं, पण तुझं पुढचं पाऊल किती लांब पडायचं हे चोपदार सांगत नाही, ते पुढच्याची टाच सांगते. टाच थांबली की तू थांबतेस, शेजारचा जरा सरकला की तू सरकतेस, आणि लांब टेकडीवर उभं राहून बघणाऱ्याला वाटतं काय शिस्त आहे. क्रिलचं नेमकं असंच. प्रत्येकाचं लक्ष फक्त जवळच्या दोन-चार शेजाऱ्यांवर, काही डोळ्यांनी आणि काही बहुतेक पाण्याच्या हालचालीवरून, कारण पुढच्याचे पाय हलले की पाण्याचा झोत मागं आणि खाली येतो. एक मोठा फरक म्हणजे दिंडी जमिनीवर चालते, क्रिलच्या थव्याला उंची पण असते, त्यामुळं तो वरच्या-खालच्या शेजाऱ्याचंही धरून चालतो. पुढच्याच्या बरोबर मागं राहिला तर तोंडावर झोत येणार, म्हणून जरा वर किंवा बाजूला. बैलगाडीच्या मागं धूळ खात कोणी चालत नाही, तसं.

थवा करायचा फायदा काय, तर पुस्तकी उत्तर तुला माहीत असेल की गर्दीत आपल्यावर झडप पडायची शक्यता कमी. ते बरोबर आहे. पेंग्विन, सील यांच्यासारखे एकेक धरून खाणारे असले की लागू पडतं. पण देवमाशापुढं हाच फायदा उलटतो, त्याला तर ताट वाढून ठेवल्यासारखं होतं, एका घासात थव्याचा लचका. म्हणजे थवा हा सगळ्यात चांगला उपाय नाही, त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. उघड्या समुद्रात झुडूप नाही, बीळ नाही, कपार नाही, लपायचं कुठं, तर शेजाऱ्याच्या मागं. सगळेच शेजाऱ्याच्या मागं लपायला लागले की थवा झाला!

त्यात परत एक अडचण असते जी मला फार आवडते. मधल्याला भीती कमी पण हवा कमी. दहा हजार जीव श्वास घेतायत म्हटल्यावर आतल्या पाण्यातला ऑक्सिजन आधीच वापरलेला असणार, आणि खायला पण बाहेरच्यांनी चाळून सोडलेलं पाणी. २०१० मधे ब्रायर्ली आणि कॉक्स या दोघांनी थव्यांचे आकार मोजून दाखवलं की थवा लहान असो की मोठा, त्याचा पृष्ठभाग आणि आकारमान यांचं प्रमाण साधारण एकच राहतं. म्हणजे काय, तर थवा मोठा झाला तर तो लाडवासारखा गोल फुगत नाही, तो वेडावाकडा, चपटा, लांबट होत जातो, म्हणजे आतल्यापासून कड फार लांब पडत नाही. कडेला गेलं तर खाणारा जवळ, आत गेलं तर दम कोंडतो, आणि प्रत्येकजण या दोघांच्या मधली जागा शोधतोय. बघ, मुकादमाशिवाय आकार सुद्धा आला.

१९८३ साली हॅमनर आणि त्यांच्या सोबत्यांनी अंटार्क्टिकाच्या पाण्यात डुबकी मारून थव्यात शिरून जे बघितलं ते लिहिलं, त्याआधी क्रिल म्हणजे जाळ्यातून आलेला चुरगळलेला ढीग असाच बऱ्याच लोकांच्या डोक्यात होता, वाहत्या पाण्याबरोबर वाहणारा. त्यांनी सांगितलं की हे वाहत नाहीत, हे पोहतायत, माशांसारखे शिस्तीत. आणि थव्यात गडबड झाली की काही क्रिल तिथल्या तिथं कात टाकून शेपटीच्या झटक्यानं मागं उडी मारतात, आणि पाण्यात रिकामी कात तरंगत राहते हुबेहूब क्रिलसारखी. खाणारा कातीला तोंड घालतो. सापाच्या कातीला आपण घाबरतो, इथं कात दुसऱ्याला फसवायला.

बरं, आता खालीवर. यात एक गोष्ट आधी पक्की कर, क्रिल पाण्यापेक्षा जड असतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, क्रिलच्या नसते. पोटाखालच्या पाच जोड्या पाय सतत वल्ह्यासारखे मारत राहिला तर जागेवर राहतो, थांबला की बुडतो. म्हणजे क्रिलला नुसतं तिथं असणं पण फुकट नाही. उतरणं फुकट, चढणं विकत. मग चढायचंच कशाला? कारण खायला वर आहे. शेवाळ उन्हावर वाढतं आणि ऊन वरच्या शंभरेक मीटरात. पण ज्या उजेडात शेवाळ वाढतं त्याच उजेडात क्रिल दिसतो. झालं की भांडण. दिवसा वर राहिलं तर पेंग्विनला दिसणार, खाली राहिलं तर उपाशी. त्यावरचा तोडगा म्हणजे अंधार पडल्यावर वर जाऊन जेवायचं. पाच सेंटिमीटरच्या जिवाला दोनशे मीटर म्हणजे स्वतःच्या लांबीच्या चार हजार पट, माणसाच्या हिशोबात जवळजवळ सात किलोमीटर, सरळ उभे, आणि तेवढंच परत. लिंबची बारा मोटेची विहीर बघितली असशील, ११० फूट खोल, तशा सहा विहिरी एकावर एक ठेवल्या की दोनशे मीटर. आमच्याकडं रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारे लोक स्वतःला फार समजतात, त्यांना मी हा हिशोब सांगतो, त्यांना तो आवडत नाही.

माझी पहिली फजिती याच विषयातली. पहिल्याच सफरीत, अक्षांशाची साठी ओलांडून दोन दिवस झालेले, माझी रात्रीची ड्युटी. संध्याकाळी साठ-सत्तर मीटरवर मस्त लाल थवा दिसत होता, जहाज हळू चाललेलं, थवा वर सरकतोय, पन्नास, तीस, पंधरा, आणि मग गायब. स्क्रीन कोरी. मी वहीत लिहिलं, क्रिल निघून गेले. रात्रभर तसंच लिहीत बसलो, क्रिल नाही, क्रिल नाही, क्रिल नाही. सकाळी सीनियर आले, वही वाचली आणि हसायलाच लागले. म्हणाले, अरे तू त्यांच्या खाली बघतोयस, ते तुझ्या डोक्यावर आहेत. एकोसाउंडरचा डोळा, ट्रान्सड्यूसर, जहाजाच्या तळाला असतो, पाण्याखाली पाच-सात मीटर, आणि तो खाली बघतो. त्यात डोळ्याजवळचे पहिले काही मीटर पण आंधळे. क्रिल त्याच्या वर गेले की आमच्या लेखी मेले. दक्षिण महासागरातल्या मोठ्या गणनांमधे म्हणूनच आवाजाची मोजणी दिवसा करतात. २००० साली चार देशांच्या जहाजांनी मिळून दक्षिण अटलांटिकच्या बाजूला जी मोठी पाहणी केली ती अशीच, सूर्य वर असताना, आणि त्या आकड्याचा हिशोब नंतर सुधारून सुमारे ६ कोटी टन धरला गेला. २०१९ ला परत केली तर ६ कोटी २६ लाख टन. आकडा जवळजवळ तोच आला म्हणून लोक खूश झाले, मी म्हणेन दोन फोटोंवरून सिनेमा कळत नाही.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर दोन वाक्यं. क्रिलवरून आवाज फार कमी परततो, हवेची पिशवी नाही ना. ३८ किलोहर्ट्झच्या आवाजाला तो फिका दिसतो आणि १२० ला ठळक, पिशवीवाला मासा दोन्हीकडं साधारण सारखा. तो फरक काढून ओळखायचं हा क्रिल आहे. पण क्रिल आडवा असताना वेगळा दिसतो आणि तिरका चढत असताना वेगळा, त्यामुळं संध्याकाळी चढणीच्या वेळी तोच थवा स्क्रीनवर अचानक फिका पडू शकतो, कमी झालेला नसतो, फक्त वाकडा झालेला असतो. हे पुस्तकात एका कंसात असतं, जहाजावर यातच आमचं अर्धं भांडण असायचं.

समुद्राचा खोटा तळ ऐकलायस का? १९४२ मधे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लोक सॅन डिएगोजवळ पाणबुड्यांसाठी सोनार (आवाजानं पाण्यातलं शोधायचं यंत्र) तपासत होते, तर शेकडो मीटरवर आवाज परत येत होता, जिथं तळ अजून कितीतरी खाली होता. १९४५ मधे मार्टिन जॉन्सन यांनी बघितलं की हा तळ रात्री वर येतो. तळ कसा वर येईल? जिवंत आहे म्हणून येतो, मासे आणि असंख्य लहान जीव. तिथं नुसते क्रिल नव्हते, आणि समुद्र वेगळा, पण गोष्ट तीच. म्हणजे जगातल्या जवळजवळ सगळ्या समुद्रांत रोज संध्याकाळी हा प्रचंड मोर्चा वर निघतो आणि पहाटे उतरतो.

आता निघा हे सांगतं कोण. पहिलं उत्तर उजेड, तो कमी झाला की वर, वाढला की खाली. क्रिलचा डोळा निळ्या उजेडाला फार तिखट. आमच्या एका सफरीत रात्री जाळं ओढायला डेकवरचे मोठे फ्लडलाइट लावले आणि स्क्रीनवर थवा खाली दबला, जसं काही कोणी वरून पाट ठेवला. मला वाटलं मशीन बिघडलं. नंतर उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी व्यवस्थित मोजून दाखवलं की जहाजाच्या दिव्यांचा परिणाम २०० मीटर खोलपर्यंतच्या जिवांवर होतो. म्हणजे आपण इतकी वर्षं दिवे लावून अंधारातल्या सवयी मोजत होतो, बोला.

दुसरं उत्तर, आतलं घड्याळ. क्रिलला टाकीत पूर्ण अंधारात ठेवलं तरी त्याची हालचाल रोजच्या तालावर राहते, अंटार्क्टिक क्रिलमधे एकेका प्राण्याची हालचाल मोजून हे २०२४ मधे चांगलं दाखवलंय. पण त्यातला माझ्या आवडीचा भाग असा की प्रत्येक क्रिलचं घड्याळ थोडं वेगळं. कोणी लवकर, कोणी उशिरा, कोणी आळशी. आपल्याकडं एसटी स्टँडवर पहाटेच्या गाडीला असतात तसे. म्हणजे घड्याळ आहे पण भोंगा नाही.

आणि ध्रुवावर उजेडाचं गणितच वेगळं, हे विसरू नकोस. आपलं अंटार्क्टिकातलं भारती स्टेशन, २०१२ पासून चालू आहे, ते ६९ अंश दक्षिणेला. तिथं भर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मग रात्री वर यायचं म्हणजे कधी? तिकडं त्या दिवसांत क्रिलची फेरी पुसट होते, कधी नसतेच, कधी वेड्यावाकड्या वेळी. तिथल्या पाण्यात भर उजेडात पृष्ठभागावर थवा बघून एक नवा पोरगा म्हणाला काका पुस्तक चुकलं. पुस्तक चुकलेलं नाही, पुस्तकानं सरासरी सांगितली. उलट उत्तर ध्रुवाकडं हिवाळ्याच्या लांब रात्रीत, सूर्य महिने दिसत नाही तेव्हा, तिथले लहान जीव चंद्राच्या हिशोबानं खालीवर करतात, २४ तासांऐवजी २४ तास ५० मिनिटांच्या आसपास, चांद्र दिवसाच्या तालावर. २०१६ मधे हे छापून आलं तेव्हा मी आमच्या बायकोला सांगितलं, ती म्हणाली संकष्टी आहे म्हणजे त्यांना. मी हसलो खरा, पण चंद्र उगवला की हालचाल, यात ती फार चुकलेली नव्हती.

आता हिरव्या पोटाकडं येऊ, कारण माझ्या मते खरी किल्ली तिथं आहे. जुन्या समजाप्रमाणं क्रिल संध्याकाळी चढतो, रात्रभर वर खातो, पहाटे उतरतो, लिफ्टसारखा एकदा वर एकदा खाली. २००६ मधे गेराइंट टार्लिंग आणि मॅग्नस जॉन्सन यांनी दाखवलं की पोट भरलं की क्रिलचे पाय मंदावतात आणि तो बुडायला लागतो, रात्र संपायची वाट न बघता. पायाचे पंखे पसरून, छत्रीसारखे, हळूहळू खाली. खाली जाऊन पचवतो, भूक लागली की परत चढतो, म्हणजे एका रात्रीत एकापेक्षा जास्त फेऱ्या. किती साधं आहे बघ. जेवण झाल्यावर पंगतीत कोण बसून राहतं? उठायचं, सावलीत जाऊन पडायचं. वर राहणं म्हणजे पाय मारत राहणं आणि खाणाऱ्याच्या जवळ राहणं, पोट भरल्यावर ते दोन्ही कशाला. भुकेला असताना धोका पत्करायचा, पोट भरल्यावर पत्करायचा नाही.

हे मान्य केलं की तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचा पाया सरकतो. सगळे एकदम निघत नाहीत. स्क्रीनवर आपल्याला एक जाड पट्टा वर जाताना दिसतो, पण त्या पट्ट्यात त्याच वेळी काही उतरतायत, काही चढतायत, काही लटकलेत. पट्टा म्हणजे सरासरी. बाजाराच्या दिवशी सकाळी रस्त्यावर गर्दी बाजाराकडं चाललेली दिसते, पण त्यात पिशव्या भरून परत येणारे पण असतातच की. रात्री वर आल्यावर बऱ्याचदा थवा सैल होतो, जो तो खाण्याच्या मागं, आणि पहाटे उजेडाबरोबर परत घट्ट होत खाली जातो. भीती वाढली की घट्ट, भूक वाढली की सैल. थवा आणि फेरी मी एकाच प्रश्नात धरतो ते म्हणूनच.

एक गोष्ट सेमिनारमधे चुकू नकोस. बऱ्याच पुस्तकांत देतात की हे जीव दिवसा खालच्या थंड पाण्यात जातात म्हणजे शरीराचा खर्च कमी होतो. गरम समुद्रात, तळ्यात ठीक. अंटार्क्टिकात उन्हाळ्यातसुद्धा वरच्या थराखाली हिवाळ्याचं उरलेलं शून्याखालचं पाणी असतं आणि त्याच्याही खाली गेलं की पाणी उलट गरम व्हायला लागतं, एखाद-दोन अंश. त्यामुळं तिथं नुसतं थंडी वाचवते हे कारण पुरत नाही. परीक्षकाला हे सांगितलंस तर तो खुर्चीत सरळ बसेल.

आणि क्रिल फक्त दोनशे मीटरपर्यंत जातो असंही धरू नको. २००८ मधे छापून आलं की अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ दूरनियंत्रित कॅमेऱ्यानं ३००० मीटरच्या खाली, तळाशी, क्रिल खाताना टिपले गेले. अंडी तर खाली जातातच, मादी वर घालते आणि ती बुडत बुडत ७०० ते १००० मीटरवर जाऊन फुटतात, आणि मग टाचणीच्या टोकाएवढं पिल्लू, ज्याला अजून तोंडसुद्धा फुटलेलं नाही, अंगातल्या बलकावर आठवडे काढत वर चढतं. पहिली चढण तीच. उपाशी राहायची ताकद तर विचारू नकोस, प्रयोगशाळेत क्रिल २११ दिवस उपाशी जगलाय, कात टाकत टाकत लहान होत गेला. आपल्याकडं दुष्काळात जनावर वाळतं, हा हाडासकट वाळतो.

या फेऱ्यांचा बाकी जगाला काय उपयोग, ते मी मेंढरांवरून सांगतो. माण-आटपाडीकडून धनगरांची मेंढरं पावसाळा संपला की इकडं बागायतीत उतरतात, आणि शेतकरी त्यांना रात्री आपल्या रानात बसवतो, वर पैसे नाहीतर धान्य देतो. का, तर मेंढरू दिवसभर माळावर चरतं आणि रात्री तुझ्या रानात लेंड्या टाकतं, खत पोचवतं. क्रिल तेच करतो. वर चरतो, खाली लेंड्या टाकतो, आणि त्याच्या लेंड्या चांगल्या जड असतात, दिवसाला काही शे मीटर बुडतात. शेवाळानं हवेतला जो कार्बन धरला तो असा खाली जातो. वरच टाकल्या तर बऱ्याच वरच विरघळून परत वापरल्या जातील, खाली जाऊन टाकल्या की तेवढ्या तावडीतून सुटल्या. उलट बाजूनं, तळाशी गेलेला क्रिल पोटात लोह घेऊन वर येतो, आणि दक्षिण महासागरात लोहाचीच टंचाई आहे, बाकी खत भरपूर. क्रिल खाणारे देवमासे पण वर येऊन विष्ठा टाकतात, तेही लोहानं भरलेली. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांवर देवमासे मारले गेले, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आता क्रिल माजतील, खाणारे कमी झाले ना. तसं झालेलं दिसत नाही. मेंढरं गेली की रानाचा कस पण जातो, हे आमच्या आजीला सांगावं लागलं नसतं.

मासेमारीचं थोडक्यात, कारण तू विचारलेलं नाहीस. दक्षिण अटलांटिकच्या पट्ट्यात क्रिल पकडायला सध्या ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे, आणि २०२५ मधे ती पहिल्यांदाच गाठली गेली आणि हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. सहा कोटीतले सहा लाख म्हणजे एक टक्का, काय एवढं, असं वाटतं. पण क्रिल सारखा पसरलेला नाही हे आपण वर बघितलं, आणि जहाजं जिथं थवे दाट तिथंच जातात, पेंग्विन पण तिथंच जातात. टक्का सगळ्या समुद्राचा धरायचा की त्या खाडीचा, यावर माझं मत काय असेल ते तू ओळखलं असशील.

आता शेवटचं, आणि हे तू स्वतः करून बघू शकतेस, अंटार्क्टिकाला न जाता. आपल्या विहिरीत, तळ्यात पाणपिसू असतात, डॅफ्निया. तेही खालीवर करतात, फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८१७ मधेच लिहून ठेवलंय. आणि डॅफ्नियावर भीतीचा प्रयोग फार छान झालेला आहे, मासा दिसायची पण गरज नाही, मासे ठेवलेल्या टाकीचं नुसतं पाणी ओतलं तरी त्या वासानं ते दिवसा खाली जायला लागतात. मासे नसतील तिथं बऱ्याचदा फेरीचा त्रासच घेत नाहीत. क्रिलचं पण तसंच काहीसं निघालंय, २०२५ च्या एका कामात टाकीत पेंग्विनची विष्ठा सोडल्यावर क्रिल बिथरून जास्त वळणं घ्यायला लागले आणि खाणं कमी केलं.

तर तू असं कर. अशा दोन विहिरी किंवा सिमेंटच्या टाक्या शोध ज्यातल्या एकीत डासांसाठी गप्पी मासे सोडलेत आणि दुसरीत नाहीत, पण दोन्हीत पाणपिसू आहेत. गप्पीवालीत कमी असतील, खाल्लेत ते माशांनी, तरी असतात. दोरीला बाटली बांधून झाकणाला दुसरी दोरी, म्हणजे हव्या त्या खोलीवर झाकण ओढून पाणी भरता येतं. दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता, वर, मधे आणि तळाला, तीन-तीन बाटल्या, गाळून मोजायच्या. आठवडाभर कर, एखाद दिवसावर विसंबू नको, ढग आले की सगळं बदलतं. रात्री बॅटरीला लाल जिलेटिन गुंडाळ, नाहीतर माझ्या फ्लडलाइटसारखं होईल. आणि आकडे आले की मला पाठव, गप्पीवाल्या विहिरीत दुपारी वरची बाटली रिकामी निघते का ते मला पण बघायचंय. रात्री एकटी जाऊ नको, घरातलं कोणीतरी बरोबर घे, आणि कठडा नसलेली विहीर असली तर सरळ सोडून दे, टाकीवर भागव.